वाचताना गाळलेली माफी

तू गेलीस त्याला सव्वा महिना झाला आणि मी अजून तुझ्याशी भांडतोच आहे. सकाळी चूल पेटवताना भांडतो, बैलांना पाणी दाखवताना भांडतो. पूर्वी तू उलटून बोलायचीस, त्यामुळे भांडण कुठेतरी संपायचं. आता मीच बोलतो, तुझ्या बाजूचं उत्तरही मीच देतो, आणि त्या उत्तराचा मलाच राग येतो.

ही वही तुझ्या जोशीबाईंनी दिली. शाळा सुटल्यावर परवा दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शेठ, सगळ्या बाजारात ओरडता, आता थोडं कागदावर ओरडा. गल्लीला तरी झोप लागेल." मास्तरणीची जीभ ती. तुला हसू आलं असतं. म्हणून लिहायला बसलो. गोड लिहिणं मला जमणार नाही, हे तुला माहीत आहे. माझी तक्रार आहे, ती मी लिहिणार. माझं काय चुकलं तेही लिहिणार, पण ते ओघानं येईल. पहिल्याच फटक्यात सगळं मोकळं करून टाकणारा मी माणूस नाही.

सुरुवात त्या जपानी गोष्टीपासून करायला हवी, कारण सगळं तिथूनच बिघडलं. तुला त्या साप्ताहिकाचं वेड जोशीबाईंनी लावलं. जपानातल्या जुन्या काळची गोष्ट, कुणीतरी मराठीत आणलेली, दर आठवड्याला एक भाग. तू मला म्हणालीस, "वर्षभराची वर्गणी भरा." मी म्हणालो, "बैलाच्या व्यापाऱ्याच्या घरात जपान कशाला पायजे?" मग चार दिवसांनी म्हणालीस, "तुम्ही बाजारात उपरण्याखाली हात घालून सौदा करता, तो कसा करतात ते मला शिकवा."

"बायका सौदा करत्यात व्हय कुठं?"

"मग नका शिकवू. आमटीत मीठ किती टाकलं ते मीही आता बोटांनीच सांगत जाईन."

शिकवलं. ओट्यावर बसून तुझा हात हातात घेतला, वर उपरणं टाकलं आणि सांगितलं की तोंडानं हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि भाव बोटांनी करायचा. जेवढी बोटं धरशील तेवढा आकडा. तू म्हणालीस, "यंदा थंडी फार आहे नाही?" आणि आत माझी पाचही बोटं मुठीत धरलीस, म्हणजे सबंध वर्ष. मी तुझं एकच बोट धरलं, म्हणजे एक महिना. तू मूठ सोडीचना. मी म्हणालो, "असा सौदा नसतो." तू म्हणालीस, "मग हात सोडवून घ्या." मी सोडवून घेतला नाही. घोडेगावच्या बाजारात मला कुणी एवढं स्वस्तात गुंडाळलेलं नाही. वर्षाची वर्गणी गेली.

अंक गुरुवारी दुपारच्या नगर गाडीनं आपल्या सोनईला यायचा. शुक्रवारच्या बाजारासाठी मी अंगणात बैलांची शिंगं घासायला बसायचो आणि तू उंबऱ्यात बसून वाचायचीस. मी ऐकत नाही असं दाखवायचो. त्या गोष्टीतला नवरा सेईजी म्हणून एक सरकारी कारकून, कमरेला दोन तलवारी आणि अंगात धाडस एकाही तलवारीएवढं नाही. बायको हारू, रंगाऱ्याची मुलगी. दोघांचं लग्न मध्यस्थानं जमवलेलं, एकमेकांना बघितलंसुद्धा नव्हतं. तुला सेईजी म्हणता येईना, तू त्याचा सयाजी केलास. हारूची हारूबाई झाली. मग ते दोघं आपल्याच गल्लीत राहायला आल्यासारखे झाले.

सयाजीला हारूबाईच्या हातचं मुळ्याचं लोणचं आवडायचं नाही, पण भिडेपोटी तो छान म्हणाला, आणि ती बिचारी रोज तेच वाढायला लागली. तो रोज डोळे मिटून गिळायचा. मी शिंग घासता घासता ओरडलो, "पयल्याच दिशी सांगायचं ना भडव्यानं, खारट हाय म्हनून!"

तू अंकातून डोकं वर न काढता म्हणालीस, "तुम्ही सांगितलं होतंत की. पहिल्याच दिवशी. आमटी अळणी आहे म्हणून, चार बायांच्या देखत."

"मंग? खोटं बोल्लो का?"

"खोटं नाही. मी तीन दिवस नीट जेवले नव्हते, एवढंच."

हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मंग तवाच बोलायचं." तू म्हणालीस, "हारूबाई होते मी तेव्हा," आणि पान उलटलंस. असं आपलं चालायचं. तू तिचा पक्ष घ्यायचीस, मी त्याचा. तो चुकला की तू माझ्याकडे बघायचीस, जणू मीच चुकलो. आता वाटतं, आपण दोघं नीट बोललो ते त्या वर्षातच, आणि तेही दुसऱ्या नवरा-बायकोच्या तोंडून.

मग तो भाग आला. सयाजीला मध्यस्थाचं जुनं पत्र सापडतं. त्यात लिहिलेलं असतं की मुलगी आधी नाही म्हणाली होती, बापानं समजावून तयार केली. माझा हात थांबला. बैलानं मान हलवली तरी मला भान नाही.

"धाडायला पायजे तिला माहेरी," मी म्हणालो.

"का? राहिली ना ती. संसार करतेय ना."

"पर न्हाई म्हनली हुती."

तू अंकाची घडी केलीस, मांडीवर ठेवलीस आणि दूध आलं म्हणून सांगावं तशा आवाजात म्हणालीस, "मीपण नाही म्हणाले होते."

आता माझी बाजू ऐक. मी दुसऱ्याची जनावरं हाकत पायी बाजाराला जाणारा माणूस, मला पुढे ना बाप ना भाऊ. डांगी बैल घ्यायला राजूरला आलो, पावसात अडकलो, तुझ्या वडिलांच्या शाळेच्या पडवीत दोन दिवस काढले. मास्तरांना मी आवडलो. त्यांनीच विषय काढला. मी माझ्या लग्नाची बोलणी स्वतः केली, कारण करायला दुसरं कुणी नव्हतं. आणि त्यानंतर अठरा वर्षं मी बाजारात छाती पुढे काढून सांगत आलो की मला कुणी नाही म्हणालेलं नाही, सौद्यात नाही आणि लग्नातही नाही. हे वाक्य माझं ठरलेलं होतं. तू ते किती वेळा ऐकलंस. पाव्हण्यांपुढे ऐकलंस, गिऱ्हाइकांपुढे ऐकलंस. प्रत्येक वेळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवून आत गेलीस. आत जाऊन हसत होतीस का?

म्हणून मी पेटलो. शिंग घासायचा दगड भिंतीवर मारला. "म्हंजी अठरा वर्सं मला फशिवलं! बापलेकींनी मिळून! सबंध बाजारात असा माल कुनी माज्या गळ्यात मारला न्हाई!"

तू रडली नाहीस. रडली असतीस तर बरं झालं असतं, मला काय करायचं ते कळलं असतं. तू सरळ माझ्याकडे बघितलंस.

"माल म्हणालात ना? त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे तसंच बघत होतात. चालून दाखव म्हणालात आणि पायापासून वर बघत आलात. म्हणून नाही म्हणाले होते."

आणि तिथेच बसून राहिलीस. बराच वेळ. कामं पडली होती, गाय हंबरत होती, तरी उठली नाहीस. तू कशासाठी थांबली होतीस ते मला त्या वेळी कळलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. कळलं होतं. एक शब्द मागे घ्यायचा होता.

पण मी आयुष्यभर एकाच गोष्टीवर उभा राहिलो. माझ्याकडे घराणं नव्हतं, शिक्षण नव्हतं, शेत नव्हतं. शब्द होता. उपरण्याखाली हात सुटला की सौदा झाला. बैल घरी नेल्यावर लंगडा निघाला तरी मी परत फिरवला नाही, सकाळी विकलेल्या बैलाला दुपारी दुप्पट गिऱ्हाईक आलं तरी मी शब्द फिरवला नाही. लोक म्हणायचे, तोंडाचा फाटका आहे पण शब्दाचा पक्का आहे. ह्या पक्केपणाचं घरात काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नाही. बाजारातली वहाण मी तशीच घरात घालून आलो. मी उठलो आणि बैल धुवायला ओढ्यावर गेलो.

पुढचे पाच महिने तू माझं सगळं केलंस. वेळेवर भाकरी, वेळेवर चहा. "कडबा संपत आलाय", "लेकीचं पत्र आलंय", एवढं बोलायचीस. वर्गणी संपली, मी पुन्हा भरली नाही, तू मागितली नाहीस. गुरुवारी दुपारी अंगणातून निघून जोशीबाईंकडे जायला लागलीस. मी शिंगं घासत बसायचो आणि बैल तेवढे कान हलवायचे. एका गुरुवारी तू परत आलीस ती हसू दाबत. मला विचारायचं होतं, त्या सयाजीनं काय केलं गं? अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं काय, तर "पेंडीचं पोतं कुठं ठिवलंस?"

माघात तुला कावीळ झाली. नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस ठेवावं लागेल. मी म्हणालो, "आठ दिसात करा." ते म्हणाले, "शेठ, इथे भाव होत नाही." मी म्हणालो, "धा करा, तुमचं नाय माजं नाय." तू खाटेवरून बघत होतीस. पाच महिन्यांत पहिल्यांदा तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मी त्याच आनंदात होतो. बायको हसली म्हणजे सौदा आपल्या बाजूनं झाला, असं मला वाटलं.

शुक्रवारी मी बाजाराला गेलो. जायला नको होतं. शनिवारी दुपारी आलो तर तुझ्या उशीखाली अंक होता. जोशीबाई आदल्या दिवशी येऊन गेल्या, असं तू सांगितलंस. मग म्हणालीस, "एवढा भाग वाचून दाखवा."

"मला वाचाया कुटं येतंय तुज्यावानी."

"येतं. सावकाश येतं. मला घाई नाही."

"चष्मा न्हाई आनला."

"डाव्या खिशात आहे."

मी ओळीखाली बोट धरून वाचायला लागलो. छापलेलं होतं तसं सेईजी वाचलं, तर तू डोळे न उघडता म्हणालीस, "सयाजी म्हणा." मग सयाजी म्हणालो. त्या भागात त्यानं चार मित्रांसमोर हारूबाईला घराण्यानं गळ्यात बांधलेलं ओझं म्हटलेलं असतं आणि आता त्याला तिची माफी मागायची असते. पण जमेना. म्हणून तो अंगणातल्या दगडी दिव्यासमोर उभा राहून तालीम करतो. दिव्याला वाकून नमस्कार करतो, घसा खाकरतो, चुकतो, पुन्हा वाकतो. दिव्यावर बसलेला पक्षी कंटाळून उडून जातो. आणि हारूबाई कागदी दाराच्या मागे तोंडात पदर कोंबून उभी असते. पदर हे माझं, तिकडे काय असतं कोण जाणे. तू हसलीस. हसताना बरगडीत कळ आली तरी हसलीस. मीही हसलो. शेजारच्या खाटेवरची म्हातारीपण हसायला लागली, तिला गोष्ट ठाऊक नव्हती तरी.

माझी नजर पुढे धावते, ही बाजाराची सवय. समोरच्याचा बैल बघतानाच मागून येणारा बैल मला दिसलेला असतो. तशी पुढची ओळ दिसली. दार सरकतं, हारूबाई समोर येते आणि सयाजी तिला म्हणतो, "त्या दिवशी मी बोललो तो शब्द मी मागे घेतो. तुझ्यात काही उणं नव्हतं, माझ्या जिभेत होतं." अर्धा स्तंभ होता तो. त्यानंतर ती काय म्हणते तेही होतं.

मला ते वाचता आलं नाही. वाक्य माझं नव्हतं. जपानातल्या एका भित्र्या कारकुनाचं होतं. मी नुसता आवाज द्यायचा होता. तरी मला वाटलं, हे वाचलं की ते माझंच होईल. मी अंक मिटला.

"संपलं," मी म्हणालो.

"संपलं?"

"व्हय. म्होरलं म्होरच्या अंकात."

तू डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस. "लवकर संपलं या खेपेला," म्हणालीस, आणि पाणी मागितलंस. मी पाणी दिलं. पाणी देताना तुझी मान हातात धरली होती, ती फार हलकी लागली. एवढंच मला आठवतं. सोमवारी सकाळी तू गेलीस.

तेराव्याला सगळे पांगल्यावर जोशीबाई अंगणात थांबल्या. आपली लेक आत भांडी लावत होती. बाईंनी हळूच विचारलं, "शेठ, त्या शनिवारी त्यांनी तुम्हाला वाचायला लावलं होतं का?"

"तुमाला कसं ठावं?"

"आदल्या दिवशी मी तो भाग त्यांना सगळा वाचून दाखवला होता. मी म्हटलं, अंक घेऊन जाते. तर म्हणाल्या, उद्यापर्यंत राहू द्या. एवढं त्यांच्या तोंडून ऐकते." मग त्या म्हणाल्या, "वाचलंत ना?"

मी म्हणालो, "वाचलं."

त्यांना बरं वाटलं. डोळे पुसत गेल्या. ही वही त्यांच्या हाती पडली तर त्यांना कळेल की मी खोटं बोललो. कळू दे.

तेव्हापासून मी तुझ्यावर चिडलो आहे. तुला जे हवं होतं ते तू तोंडानं का मागितलं नाहीस? "शब्द मागे घ्या", एवढं म्हणाली असतीस तर मी घेतला असता. कदाचित घेतला नसता. आणखी एक दगड भिंतीवर मारला असता. तू मला ओळखून होतीस, म्हणून तू मला सोपी वाट काढून दिलीस. कारकुनाच्या तोंडून म्हणा, मी तुमचं समजून ऐकते, अशी. एवढी सूट मला आजवर कुणी दिली नव्हती आणि ती मी ओळखलीसुद्धा नाही. नाही, हेही खोटं. त्या ओळीवर नजर पडली तेव्हा ओळखली होती.

दुसरी एक गोष्ट विचारायची राहिली. तू नाही म्हणालीस, ठीक आहे. पुढे अठरा वर्षांत कधीतरी मनातून हो म्हणालीस का? पावसाच्या राजूरहून आमच्या ह्या कोरड्या मुलखात आलीस. दुष्काळाच्या साली तर दोन हंड्यांसाठी सकाळ घालवायचीस आणि त्यातलं अर्धं पाणी माझ्या बैलांना पाजायचीस. ते हो होतं का? माझी पाच बोटं धरून ठेवलीस ते? का मीच आपलं जमवतोय? बाजारात समोरचा गप्प राहिला की मी ते हो धरून चालतो. घरातही तेच केलं.

तो शब्द मी मागे घेतो. इथे लिहिला. मोठ्यानं म्हणूनही बघितला, गोठ्यात उभं राहून. सयाजीचं निदान दार सरकलं.

गेल्या शुक्रवारचं सांगून थांबतो. तू गेल्यापासून तुझी गाय पान्हा चोरते. मी आंबोण ठेवलं, पाठ थोपटली, शिव्या दिल्या, पण ती दूध सोडीना. मग वैतागून तिला बाजारात नेली. शेवगावकडचा एक म्हातारा शेतकरी भेटला, माणूस बरा होता. सौदा झाला, हात सुटला, दावं त्याच्या हातात गेलं. चार पावलं गेल्यावर गाय थांबली. त्यानं ओढलं तरी हलेना.

मी म्हणालो, "दादा, थांबा. मी शब्द मागं घेतो."

आसपासचे व्यापारी वळून बघायला लागले. एकजण ओरडला, "अरारा! शेठ शब्द फिरवाया लागला! आज दिस कुनीकडं उगवलाय बगा रं!" हशा पिकला. मी खाली बघत उभा राहिलो. माझ्या पंचवीस वर्षांच्या पक्केपणाचं त्या हशात जे व्हायचं ते झालं, आणि लोक पुन्हा आपापल्या बैलांकडे वळले. तंबाखू मळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

म्हातारा तेवढा गोंधळला. "का वो? गाईत काय खोट हाय का?"

"खोट न्हाई."

"मंग?"

"घरच्यास्नी पटत न्हाई."

त्याचा चेहरा एकदम सुटला. "आसं व्हय! मंग ऱ्हाऊ द्या बाबा. घरच्यांम्होरं कुनाचं चालतंय?" म्हणाला, दावं माझ्या हातात दिलं आणि हसत हसत गर्दीत गेला.

लांबचा माणूस. त्याला काही माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.